रुझवेल्ट यांचे पाय आणि निदानाचा घोळ

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट ऐन उमेदीत पायांनी अधू झाले. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुटीला गेले होते. पोहून आल्यावर हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी ताप आला, पाय दुखू लागले. आधी एक पाय लुळा पडला, मग दुसराही. तिथल्या डॉक्टरांना ती सर्दी वाटली. नामांकित वयोवृद्ध सर्जन विल्यम कीन यांनी मज्जारज्जूत रक्ताची गुठळी असल्याचे सांगून मालिश करायला लावली. त्याने वेदना वाढल्याच. अखेर २५ ऑगस्टला डॉ. रॉबर्ट लोवेट यांनी पोलिओचे निदान केले आणि मालिश बंद करवली. पोलिओ तेव्हा लहान मुलांचा आजार समजला जाई.

रुझवेल्ट पुन्हा आधाराशिवाय चालू शकले नाहीत. तरीही चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९३८ मध्ये त्यांनी स्थापलेल्या संस्थेच्या मदतीने साल्क यांची पोलिओ लस तयार झाली. १२ एप्रिल १९५५ रोजी, त्यांच्या दहाव्या स्मृतिदिनी, ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले.

२००३ मध्ये काही संशोधकांनी जुनी लक्षणे तपासून हा पोलिओ नसून गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) असावा, असे मत मांडले. त्यावर वाद आहे. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. २०२५ मध्ये पुणेकरांनी हा आजार जवळून पाहिला. आज त्यावर उपचार आहेत, पण ते वेळेत सुरू व्हावे लागतात. म्हणून पायांतली शक्ती अचानक कमी होऊ लागली, तर मालिश करत वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.