ध्वनीचे उपासक : विष्णुपंत दामले

खारघरच्या एखाद्या घरात आज नवे बिनतारी होम थिएटर आले आहे, अशी कल्पना करा. जुन्या संचाच्या तारा भिंतीच्या कडेने आणि सतरंजीच्या खालून साऱ्या खोलीभर फिरत असत. कोणाचा ना कोणाचा पाय त्यांत अडकत असे. नव्या संचात ध्वनिवर्धकांच्या लहानमोठ्या पेट्या आहेत. परंतु पडद्याकडून त्यांच्याकडे एकही तार जात नाही. प्रत्येक पेटीला वीज तेवढी भिंतीवरच्या जोडणीतून द्यावी लागते. आवाज मात्र रेडिओ-लहरींवर स्वार होऊन तिच्यापर्यंत येतो. पडद्यावर पाऊस सुरू झाला की तो चहूबाजूंनी कोसळू लागतो. पाठीमागून घोड्याच्या टापा ऐकू आल्या की मान आपोआप मागे वळते.

हे सुख आपल्याला घरबसल्या मिळाले आहे. पण एक काळ असा होता, की पडद्यावरची माणसे नुसते ओठ हलवीत असत. राजा दरबारात बोले, आई मुलासाठी रडे, वीर रणांगणावर गर्जना करी. पण प्रेक्षकांच्या कानांवर त्यातले काहीच पडत नसे. त्या मुक्या चित्रांना वाचा देण्यासाठी महाराष्ट्रात ज्यांनी परिश्रम केले, त्यांत विष्णुपंत दामले यांचे नाव अग्रभागी आहे. खारघर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पेण हे विष्णुपंतांचे जन्मगाव. खारघरहून पनवेल ओलांडून गोव्याच्या वाटेला लागले, की काही वेळाने पेण लागते. गणपतीच्या सुबक मूर्तींसाठी हे गाव आज दूरवर प्रसिद्ध आहे. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. तेथे १८९२ साली विष्णु गोविंद दामले यांचा जन्म झाला.

विष्णुपंतांना ओढ होती ती चित्रकलेची. ती त्यांना कोल्हापुरास घेऊन गेली. त्या काळी कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर होते. तेथे आनंदराव पेंटर आणि त्यांचे बंधू बाबूराव पेंटर हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत असत. आनंदरावांच्या हाताखाली विष्णुपंतांनी हे काम शिकण्यास आरंभ केला. नाटकाचा पडदा रंगवणे हे सोपे काम नव्हे. कापड असते सपाट. पण त्यावर राजवाड्याची लांबच लांब ओसरी दाखवायची असते, अरण्यातील वाट दूरवर गेलेली दाखवायची असते. जवळची वस्तू मोठी, दूरची लहान. जवळचा रंग गडद, दूरचा फिका. अशा युक्तीने सपाट कापडाला खोली आणावी लागते. हा धडा विष्णुपंतांनी कुंचल्याने गिरवला.

आनंदराव आणि बाबूराव यांना आणखी एका विद्येचा ध्यास लागला होता. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढे आणला होता. आपणही चित्रपट काढावा, असे या बंधूंना वाटू लागले. त्यासाठी लागणारा कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा त्यांनी घाट घातला. दुर्दैवाने १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. गुरूच्या मृत्यूने दुसरा एखादा शिष्य खचला असता. विष्णुपंत मात्र बाबूरावांच्या पाठीशी उभे राहिले. एकेक भाग घडवीत, बिघडला तर पुन्हा घडवीत, या दोघांनी १९१८ साली चालता कॅमेरा तयार केला. ज्या हातांनी पडद्यावर झाडे रंगवली, त्याच हातांनी आता यंत्राची चाके बसवली. कला आणि यंत्र या दोन गोष्टी परस्परांच्या वैरिणी नाहीत, हे विष्णुपंतांनी येथे जाणले.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंतांना एक जिवाभावाचा मित्र लाभला. त्याचे नाव शेख फत्तेलाल. फत्तेलाल हे कागलचे. तेही उत्तम चित्रकार. दामले आणि फत्तेलाल यांची जोडी अशी जमली, की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे ओघाने येई. १९२८ साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढे स्टुडिओतील लहानथोर माणसे एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणू लागली. धर्म निराळे, घरे निराळी. पण कामावरील निष्ठा एक. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच जण तिचे भागीदार होते. तुतारी फुंकणारी तरुणी हे प्रभातचे बोधचिन्ह. पण ते दिवस होते मूकपटांचे. तुतारी ओठांना लागे. मात्र तिच्यातून स्वर काही निघत नसे.

कंपनीला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच मोठे संकट समोर येऊन उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा बोलपट झळकला. भारतातील हा पहिला बोलपट. चित्रातील माणसे बोलतात, गातात, हे पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. एकदा बोलते चित्र पाहिलेला प्रेक्षक मुक्या चित्राकडे पुन्हा कशाला येईल? मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या : नवी विद्या शिकणे किंवा दारे बंद करणे. नवी विद्या शिकावी तर यंत्रे परदेशची आणि महागडी. शिवाय ती चालवणार कोण? आणखी एक अडचण होती. मूकपटाला भाषेचे बंधन नसते; मधल्या पाट्या बदलल्या की तोच पट कोठेही चाले. बोलपट बोलू लागला, की तो एका भाषेचा होऊन बसतो.

प्रभातने पहिली वाट धरली. ध्वनिलेखनाचे यंत्र आले आणि ते सांभाळण्याची जबाबदारी विष्णुपंतांनी उचलली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. आजवर डोळ्यांनी केलेले काम आता कानांनी करायचे होते. या वयात पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. यंत्र नीट चालले नाही, तर साऱ्या कंपनीची पुंजी बुडणार होती. तरीही विष्णुपंत मागे हटले नाहीत.

हे यंत्र काम कसे करी, ते थोडक्यात पाहू. नट बोलला, की त्याच्या आवाजाने मायक्रोफोनमधील पातळ पडदा थरथरतो. त्या थरथरीची वीज होते. विजेच्या कमीअधिक जोराप्रमाणे प्रकाशाची रेघ बदलते आणि फिल्मच्या कडेला तिचे छायाचित्र उमटते. म्हणजे आवाजाचेच छायाचित्र! चित्रगृहात याच्या उलट घडते. फिल्मच्या कडेवरील रेघेतून प्रकाश पलीकडे जातो, प्रकाशाची पुन्हा वीज होते आणि पडद्यामागील ध्वनिवर्धकातून ती आवाज होऊन बाहेर पडते. असे हे कौतुकाचे चक्र आहे.

तत्त्व समजले, तरी प्रत्यक्ष काम अवघड होते. त्या काळी गाणे आधी भरून ठेवण्याची सोय रूढ झाली नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे अभिनय करायचा आणि त्याच वेळी गायचेही. वादकांनी चित्राच्या चौकटीबाहेर बसून साथ करायची. मायक्रोफोन कोठे तरी असा लपवायचा, की तो दिसता कामा नये आणि आवाज तर नीट पकडला पाहिजे. नट दोन पावले दूर गेला, की आवाज क्षीण होई. कॅमेऱ्याची घरघर, बाहेर ओरडणारा कावळा, कोणाची खोकल्याची उबळ, सारे काही फिल्मवर उमटे. एवढ्याशा आवाजाने चांगले जमलेले दृश्य वाया जाई आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. अशा कामाला तीक्ष्ण कान हवा आणि त्याहून मोठा धीर हवा.

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट पडद्यावर आला. राजा हरिश्चंद्राची हीच कथा एकेकाळी फाळक्यांनी मुकी सांगितली होती. आता ती बोलू लागली. दिग्दर्शन शांताराम यांचे होते. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि दुर्गा खोटे तारामती. भाषेच्या अडचणीवर कंपनीने असा तोडगा काढला, की मराठीबरोबर हिंदीतही चित्रण केले. प्रेक्षकांनी त्याचे उत्तम स्वागत केले. प्रभात तरली. मुकी तुतारी आता खरोखरच निनादू लागली आणि तिचे सूर महाराष्ट्रातील घराघरांच्या ओळखीचे झाले.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. तेथे मोठा स्टुडिओ उभा राहिला. १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' प्रकाशित झाला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली आणि केशवराव भोळे यांनी संगीत दिले. या चित्रात डोळे दिपवणारा थाट नाही. देहूचे साधे घर आहे, शेत आहे, इंद्रायणी आहे, संसाराला जुंपलेली फटकळ पण मायाळू जिजाई आहे. टाळ आणि वीणा यांच्या साथीने अभंग असा उमलतो, की तो गाण्यासाठी मुद्दाम गायला आहे असे वाटतच नाही. तो तुकोबांचे बोलणेच वाटतो. मुंबईत हा चित्रपट एका वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते, त्यांनाही त्यातील भाव कळला.

यानंतर 'गोपाळकृष्ण', 'संत ज्ञानेश्वर' आणि 'संत सखू' हे चित्रपट आले. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. तरी दामले व फत्तेलाल यांनी आपले काम सोडले नाही. जुलै १९४५ मध्ये विष्णुपंतांनी इहलोकीची यात्रा संपवली. पुढे १९५३ साली प्रभात कंपनी बंद पडली. परंतु ती वास्तू ओस पडली नाही. १९६० साली भारत सरकारने तेथेच चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. ध्वनिलेखन शिकणारे विद्यार्थी आज त्याच भूमीवर मायक्रोफोन हाती घेतात.

विष्णुपंतांच्या काळात पडद्यामागून एकाच प्रवाहाने आवाज येत असे. प्रभातचा पहिला बोलपट घडत होता त्याच सुमारास, १९३१ साली, इंग्लंडमध्ये अॅलन ब्लमलाइन या तरुण अभियंत्याने दोन बाजूंनी दोन प्रवाह देऊन आवाजाची दिशा दाखवण्याची रीत शोधून काढली. नाटकाच्या पडद्याला रंगांनी जशी खोली येते, तशी ध्वनीलाही खोली येऊ शकते, हे तिने दाखवून दिले. पुढे चित्रगृहांत मागूनही आवाज येऊ लागला, नंतर ती सोय घरात आली आणि आता तर मधल्या ताराही गेल्या.

आता पुन्हा खारघरच्या त्या घरी जाऊ. नव्या संचावर 'संत तुकाराम' लावायचे ठरले आहे. सगळ्या पेट्या एकदम मोठ्याने सुरू केल्या, तर काय होईल? तुकोबा पडद्यावर दिसतील आणि त्यांचा आवाज आपल्या पाठीमागून येईल! ते विसंगत होय. ज्या मुखातून शब्द निघतो, तेथूनच तो ऐकू यावा, यासाठी समोरची पेटी मुख्य ठेवून मागच्या पेट्या या वेळी गप्प ठेवणेच शहाणपणाचे. पावसाचा नवा चित्रपट असेल, तेव्हा मागच्या पेट्यांना बोलू द्यावे; तेव्हाही त्यांनी माणसांचे शब्द बुडवता कामा नयेत. पेटी कोठे ठेवावी, आवाज किती असावा, हे कितीही महाग यंत्र आणले तरी शेवटी ऐकणाऱ्याच्या कानालाच ठरवावे लागते.

यंत्रे बदलतात; आजचे नवे उद्या जुने होते. कुंचला, कॅमेरा आणि मायक्रोफोन अशी तीन साधने विष्णुपंतांच्या हाती एकामागून एक आली. प्रत्येक वेळी ते नम्रपणे विद्यार्थी झाले आणि प्रत्येक साधन त्यांनी कलेच्या सेवेला लावले. पेणच्या या सुपुत्राचे मोठेपण त्यातच आहे.

स्वाध्याय

१. विष्णुपंत कोल्हापुरास कोणते काम शिकले? त्या कामाने त्यांना कोणता धडा दिला?
२. 'आलम आरा' आल्यावर मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे कोणत्या अडचणी उभ्या राहिल्या?
३. आवाजाचे छायाचित्र कसे उमटते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. प्रभातच्या तुतारीविषयी चार वाक्ये लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखाद्या खोलीत डोळे मिटून पाच मिनिटे बसा. कोणते आवाज कोणत्या दिशेने आले, त्यांची नोंद करा.