रावबहादूर लोखंडे आणि जखमी कामगाराचा हक्क

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत तथागतांवर, कबीरांवर, जोतीरावांवर आणि बाबासाहेबांवर लेख येतातच. आम्ही यंदा जोतीरावांच्या एका सहकाऱ्याबद्दल लिहायचे ठरवले. नारायण मेघाजी लोखंडे म्हटले की लोक रविवारची सुट्टी एवढेच सांगतात. सुट्टी मोठीच गोष्ट आहे. पण यंत्रात सापडलेल्या कामगारासाठी त्यांनी काय मागितले होते, ते खुद्द कामगारांनाही माहीत नसते.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्याला, गरीब फुलमाळी घरात झाला. थोडेफार शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. साच्यावर ते स्वतः उभे नव्हते, पण साच्यावरच्या माणसाचे काय होते ते रोज बघत होते. तेव्हा वाफेचे इंजिन सारी गिरणी फिरवायचे. वर छताशी शाफ्ट, तिथून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांना. धोतराचा सोगा, साडीचा पदर, पोराचा हात, काहीही पट्ट्यात जायचे. धोटा उडाला तर डोळा जायचा. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत उभ्या माणसाला डुलकी आली तर दोष कुणाचा? 1881 च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्राला कठडा घाला एवढे सांगितले. हात तुटल्यावर त्या माणसाने खायचे काय, यावर त्यात अक्षर नव्हते. तो गावी जायचा आणि विषय संपायचा.

बंद पडलेले ‘दीनबंधू’ पत्र लोखंडे यांनी 1880 पासून मुंबईतून चालवले. सप्टेंबर 1884 मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी, की कामावर जबर जखम झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या पोटाची सोय करावी. अभ्यासक म्हणतात, त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला ना वर्गणी होती ना नियम, ती खरी युनियन नव्हे. नसेल. पण ही मागणी त्यांनी वेळेवर केली, हे आम्ही विसरू शकत नाही.

आम्ही कामाला लागलो तेव्हा आमच्या खात्यातल्या एका सोबत्याची दोन बोटे रोलरमध्ये गेली. यंत्र बंद न करता पुसायला मुकादमानेच सांगितले होते. संध्याकाळी वहीत शेरा पडला, कामगाराची हयगय. त्याने अंगठा दिला, कारण सहीचा हात बांधलेला होता.

लोखंडे यांचे पुढचे आयुष्य धावपळीचे गेले. 1890 साली मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली आणि 1891 चा सुधारलेला कायदा आला. 1893 च्या दंगलीनंतर त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या एकीसाठी सभा घेतली. 1895 ला रावबहादूर ही पदवी मिळाली. प्लेगात लोक मुंबई सोडून पळत होते तेव्हा ते रोग्यांची सेवा करत राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच प्लेगने गेले. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली.

भरपाईचा कायदा झाला 1923 ला, लागू झाला 1 जुलै 1924 पासून. म्हणजे परळच्या अर्जानंतर चाळीस वर्षांनी! पुढे 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली आणि 1948 ला कामगार राज्य विमा कायदा मंजूर झाला.

नुसत्या नजरचुकीने कामगाराची भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम केले, हुकूम जाणूनबुजून मोडला किंवा कठडा मुद्दाम काढला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वहीतल्या त्या एका शेऱ्याने आमच्या सोबत्याचा हक्क जाणार नव्हता. आम्हाला हे कळले तोवर तो गावी निघून गेला होता.