धण्यांचा वास आणि भाजलेले हात

धणे बोटांत चुरडले की येणारा गोडसर वास मुख्यतः ‘लिनालूल’ या रसायनाचा. धण्यांच्या सुगंधी तेलात निम्म्याहून अधिक तेच असते; लॅव्हेंडरच्या तेलातही ते भरपूर असते. अशा तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ करणारे रेने-मॉरिस गातफोसे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म १८८१ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ शहरातला. घरचा व्यवसाय सुगंधी द्रव्यांचा आणि तेही त्यातच रमले. जुलै १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला, अंगावर आग आली. हिरवळीवर लोळून त्यांनी ती विझवली. पण पुढे हातांच्या जखमांत गॅस गँगरीन पसरू लागले. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती; अशा जखमेत हात जाई, जीवही जाई. त्यांनी जखमा लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्या. गँगरीन थांबले आणि दुसऱ्या दिवसापासून जखमा भरू लागल्या, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे.

या अनुभवाने त्यांना अभ्यासाची दिशा दिली. १९३७ मध्ये अरोमाथेरपीवरचा त्यांचा ग्रंथ आला. मन प्रसन्न करणारा दरवळ एवढाच त्यांचा विषय नव्हता. तेलातली रसायने औषध म्हणून काय करतात, हे त्यांना शोधायचे होते. १९५० मध्ये कासाब्लांका येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची गोष्ट मात्र लोकांनी बदलून टाकली. भाजलेला हात शेजारच्या लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि तो लगेच बरा झाला, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात तेल वापरले ते जंतुसंसर्ग झाल्यावर. शिवाय एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. तिथून तपास सुरू होतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भाजल्यावर तेल, तूप, टूथपेस्ट लावून येणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. भाजलेला भाग आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा, स्वच्छ कापडाने सैल झाकावा आणि दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये.

रात्री भिजवलेल्या धण्यांचे पाणी सकाळी खुशाल प्या. पण बाटलीतले धण्यांचे सुगंधी तेल फार तीव्र असते. ते पिऊ नये, उघड्या जखमेवर लावू नये. गातफोसे यांच्याकडून घ्यायचा तो नुस्खा नव्हे, तपासून पाहण्याची सवय.