इंद्रायणीच्या डोहाकाठी

देहूचे तुकोबा सुखवस्तू वाण्याच्या घरचे. इ. स. १६३० च्या भीषण दुष्काळाने व्यापार बुडाला; प्रथम पत्नी अन्नावाचून निवर्तली, पुत्रही गेला. तेव्हा त्यांनी विठ्ठलाचे पाय धरले आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली.

पुढे शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगू नये, या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्याही डोहात बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस काठावर निराहार पडून राहिले. वह्या कोरड्याच वर आल्या, असे परंपरा सांगते. आम्हांस त्याहून नवल वाटते ते त्यांच्या धारिष्टाचे! त्यांनी देवाचा धावा केला, तसे त्याच्याशी कडाक्याचे भांडणही मांडले. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले. आजही घरोघरी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच आहे.