डेबूजीने पंगत बदलली



आपल्यातल्या पुष्कळ घरांत एक गोष्ट दिसते. पंचशील तोंडपाठ असते, पण पगाराच्या दिवशी पाय गुत्त्याकडे वळतात. घरधनिणीने विचारले की उत्तर ठरलेले असते. हे आपल्याच्याने सुटणार नाही, वाडवडिलांपासून चालत आले आहे. त्या माणसाचे दारूवर प्रेम असते असे मला वाटत नाही. त्याचा स्वतःवर विश्वास नसतो, एवढेच. म्हणून आज तुम्हांला गाडगेबाबांची हकीकत सांगतो. ते बौद्ध नव्हते. शेवटपर्यंत त्यांनी गोपाळाचे नाव घेतले. तरी त्यांचे जीवन तुमच्या-आमच्या घराला फार जवळचे आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन लागले. देवाला बकरे कापायचे आणि त्यावर दारू प्यायची, ही तेव्हाची रीतच होती. त्या रितीत घर बुडाले, शरीर पोखरले, आणि १८८४ साली झिंगराजी वारले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. मामाच्या घरी पोर गुरे राखू लागले, पुढे नांगर धरू लागले. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले.

यानंतरचा प्रसंग तुम्ही नीट ध्यानात घ्या. डेबूजीला मुलगी झाली आणि बारसे ठरले. बारसे म्हटले की भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायचीच, हा जातीचा रिवाज. न द्यावे तर लोक नावे ठेवणार, जातीत मान जाणार, शिवाय देवाचा कोप होईल ही धास्ती वेगळीच. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. दारूचा थेंब पंगतीला येऊ दिला नाही. भाऊबंद रागावले, कुरकुरले, पण त्याने बेत बदलला नाही.

आता विचार करा. त्याच्याजवळ काय होते? त्याला लिहितावाचता येत नव्हते. हाती पैसा नव्हता. पाठीशी कोणी पुढारीही नव्हता. साऱ्या जातीची दारू सोडवायला तो निघाला नव्हता. जे आपल्या हातात होते, म्हणजे आपल्या घरची एक पंगत, तेवढीच त्याने बदलली. अंगात हिंमत आली की मग बदलू, असे आपण म्हणत राहतो. त्याने आधी बदलले. पंगत उठली, आकाश कोसळले नाही, आणि मुलगी सुखरूप राहिली. असा एक दिवस पार पडला की दुसऱ्या दिवसाचे भय निम्मे होते.

पुढे मामाची जमीन सावकाराने कागदाच्या जोरावर गिळली. अंगठा उठवणाऱ्याची काय गत होते, ते डेबूजीने तेथे पाहिले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा, आणि खाण्यापिण्याला व डोक्यावर घालायला मातीचे एक गाडगे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. गावात शिरले की कोणाला काही न सांगता ते रस्ता झाडू लागत, गटार उपसू लागत. लोक आधी वेडा समजून हसत. मग एखादा लाजून फावडे आणी, दुसरा टोपली आणी. त्या काळी पटकीची साथ यात्रांतून गावोगाव पसरे, तेव्हा हा खराटा म्हणजे औषधच होते. (आज त्यांच्या तसबिरीला हार घालणारे पुष्कळ आहेत. खराटा मात्र कोपऱ्यात पडून आहे.)

रात्री कीर्तन होई. तेही निराळेच. ते वऱ्हाडीत लोकांनाच प्रश्न विचारीत. दारूत किती पैसा जातो, कर्ज काढून लग्न कशाला, पोर शाळेत का नाही, बकरे मागायला देव आला होता काय. उत्तर लोकांच्याच तोंडून निघे. दुसऱ्याने दटावून सांगितलेले माणूस सकाळी विसरतो. चार माणसांत आपल्या तोंडाने कबूल केलेले विसरणे जड जाते.

मिळालेल्या पैशातून त्यांनी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. नाशिक, आळंदी, पंढरपूर, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. घरच्यांचा त्यांवर हक्क ठेवला नाही. पंढरपुरात अस्पृश्यांना कोणी थारा देत नसे, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. बाबासाहेबांविषयी त्यांच्या मनात फार आदर होता. १९४९ साली ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे प्राण गेले. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते.