मारियाचं शेंडेफळ

लेकीच्या अकरावीसाठी नांदेडचं घर सोडून मी लातूरला खोली घेतली, तेव्हा सासरी बोलणी खाल्ली. इथे भिंतीवर मूलद्रव्यांची आवर्तसारणी. लेकरू पाठ करतं, मी पोळ्या लाटत ऐकते. हा तक्ता मांडणाऱ्या मेंडेलीव्हबद्दल वाचलं, तर त्याची आईच जास्त लक्षात राहिली.

दिमित्री मेंडेलीव्ह जन्मला १८३४ साली, सैबेरियातल्या तोबोल्स्कला. घरातलं शेंडेफळ. त्याच वर्षी वडिलांची दृष्टी गेली. आई मारियाने माहेरचा काचेचा कारखाना चालवून घर सांभाळलं. १८४७ला नवरा वारला, पुढच्याच वर्षी कारखाना जळाला. तरी ही बाई पोराला शिकवायला थेट मॉस्कोला निघाली! तिथे प्रवेश नाकारला. मग सेंट पीटर्सबर्ग. १८५०ला प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी ती गेली.

पोराने १८६९ साली तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं अणुभाराने ओळीत लावली, सारख्या गुणांची एका गटात बसवली. (आता क्रम अणुअंकाने लावतात.) जुळेना तिथे ओढूनताणून भरलं नाही, जागा रिकामी ठेवली. आपण फळीवर यायच्या डब्याची जागा सोडतो ना, तशी. शिवाय त्या डब्यात काय असेल, वजन किती, तेही सांगून टाकलं! नावं देताना आपला संस्कृत ‘एक’ जोडला: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. १८७५ला गॅलियम, १८८६ला जर्मेनियम सापडलं, बरंचसं त्याने सांगितलं तसंच.

१८८७चा आपला एक ग्रंथ त्याने आईच्या स्मृतीला अर्पण केला. हे सांगितलं तेव्हा लेकीने तक्त्यातलं १०१वं घर दाखवलं. मेंडेलेव्हियम.