राणीचे घड्याळ आणि साधे घड्याळ

आब्राहम-लुई ब्रेगे यांचा जन्म १७४७ चा, आजच्या स्वित्झर्लंडमधील नशातेलचा. नाव गाजले ते पॅरिसमध्ये. १७८३ साली राणी मारी आंत्वानेतसाठी त्यांच्याकडे मागणी आली. घड्याळकलेतले ज्ञात तेवढे सारे एकाच घड्याळात हवे होते. खर्चाला आणि मुदतीला बंधन नव्हते. ते पूर्ण झाले १८२७ मध्ये. तोवर राणीला गिलोटिनवर जाऊन ३४ वर्षे लोटली होती, आणि ब्रेगेही १८२३ मध्ये निवर्तले होते.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये त्यांना पॅरिस सोडावे लागले. १७९५ मध्ये परतले, तेव्हा जुने उमराव गिऱ्हाईक पांगले होते. मग त्यांनी साधे घड्याळ काढले. एकच काटा, मोजके भाग, कुणाही घड्याळजीला दुरुस्त करता येईल असे यंत्र. चौथाई रक्कम तेवढी आगाऊ.

घड्याळ पडले की आतल्या चक्राच्या आसाची नाजूक टोके मोडत. त्यांना स्प्रिंगचा आधार देण्याची युक्तीही ब्रेग्यांचीच. आजच्या चावीच्या मनगटी घड्याळांत तीच कल्पना नांदते आहे.

रोजच्या वापराचे घड्याळ घेताना म्हणूनच तबकडीच्या थाटाला भुलू नये. यंत्र साधे आहे ना, धक्का सोसते ना, आणि आपल्या गावचा घड्याळजी ते उघडू शकेल ना, एवढे विचारावे.